थैलीऐवजी अन्यत्र

आमच्या दादांनी उभ्या नोकरीत सरकारी वस्तूचा गैरवापर दोनदाच केला, आणि दोन्ही वेळा त्याला कारण माझ्या धाकट्या बहिणीचं डोकं होतं. सुतळी धरली तर तीनदा म्हणावं लागेल. पण ती वीतभरच होती, आणि नंतर दादांनी स्वतःच्या पदरची आख्खी गुंडी आणून ठेवली, म्हणून मी ती धरत नाही.

दादा म्हणजे आमचे वडील, बलभीमराव. येरमाळ्यापासून दोन कोसांवरच्या एका गावात ते टपालमास्तर होते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्या बायकांनी मनूपुढं नारळ फोडले, त्यांच्या सुना अजून मला लग्नाच्या पत्रिका पाठवतात. पोस्ट म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. एक टेबल, एक तराजू, एक लोखंडी पेटी, आणि बाहेर भिंतीला टांगलेला लाल डबा. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो.

साल अठ्ठावन्न. दोन वर्षांपूर्वी आपला मुलूख हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आला होता. गावोगाव मराठी शाळा निघत होत्या आणि शिकवायला माणूस मिळत नव्हतं. आमची आई सातवी झालेली. तिला धाराशिवला शिक्षिकांच्या वर्गाचं बोलावणं आलं, तीन महिन्यांचं. तिनं ते पत्र दोन दिवस पोळपाटाखाली ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी दादांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

दादांनी वाचलं आणि म्हणाले, "जा."

"आन मनू?"

"मनूला मी हाय."

मनू, म्हणजे मनकर्णा, तेव्हा पावणेतीन वर्षांची होती. मी नऊ वर्षांची, चौथीत. नऊ वर्षांची पोर घरात असताना धाकटीला बापानं सांभाळायचं, हे त्या गावात कुणी ऐकलेलं नव्हतं. आमच्या तुळजाबाई आत्यांनी तर नव्हतंच. आत्या दादांच्या थोरल्या बहीण, वाशीला दिलेल्या. त्यांना बातमी कळली तशा त्या पहिल्या गाडीनं आल्या आणि उंबऱ्यातूनच त्यांनी निकाल दिला.

"पद्मिणीला शाळंतून काढ. ती सांभाळंल मनूला. न्हाईतरी चौथी होऊन काय कलेक्टर व्हायचीय?"

पद्मिण म्हणजे मी. मी दाराआड उभी होते.

"आक्का, पद्मिण शाळा सोडणार न्हाई," दादा म्हणाले. "पोर मी सांभाळतो."

आत्या हसल्या. आत्यांचं हसू ऐकून शेजारची कोंबडी खुराड्यात जायची. मग त्या गंभीर झाल्या. "बरं. चैत पुनवंपर्यंत सांभाळून दाखीव. पर पोरीच्या अंगाला, डोक्याला काय बी झालं, तर त्याच दिवशी थोरली घरी बसंल. कबूल?"

दादांनी एकदा दाराकडं पाहिलं. "कबूल."

"आन जावळाला हात लावायचा न्हाई. येडाईचं हाय ते."

हे जावळाचं सांगायला हवं. मनू जन्मली तेव्हा तळहातावर मावेल एवढी होती. तिचं आठवडाभर काही खरं नव्हतं. तेव्हा आत्यांनी येरमाळ्याच्या येडेश्वरीला नवस बोलला होता की पोर जगली तर तिसऱ्या वर्षी चैत पुनवेला तुझ्या पायरीवर जावळ काढीन, तोवर डोक्याला कात्री लावणार नाही. पोर जगली. नुसती जगली नाही, तिचे केसही असे वाढले की पुढून डोळे दिसत नसत. ते कापायचे नाहीत, म्हणजे रोज विंचरून बांधायचे. आई ते काम तिला पाजताना करायची. दादांना ती सोय नव्हती.

आई गेल्यावर दादांनी पहिलं काम केलं ते म्हणजे वेळापत्रक. पोस्टाच्या रद्दीतल्या फॉर्माच्या पाठीवर ठळक अक्षरात लिहून त्यांनी ते भिंतीला चिकटवलं. साडेसहा, उठणे. पावणेसात, दूध. सात, आंघोळ. साडेसात, केस. मनू पहिल्या दिवशी साडेपाचला उठली, दूध सांडलं, आंघोळीच्या वेळी पलंगाखाली गेली आणि साडेसातला झोपली. दादांनी वेळापत्रकात तांबड्या शाईनं दुरुस्ती केली. आठव्या दिवशी त्यावर तांबडं इतकं झालं की मूळ काळं शोधावं लागे. मग त्यांनी ते काढून घडी करून ठेवलं. टाकलं नाही. दादा कागद टाकत नसत.

पण एका बाबतीत त्यांनी आईलाही मागं टाकलं. मनू जेवायची नाही. आई एक एक घास चिमणीचा, कावळ्याचा करून दमायची. दादांनी भाकरी-दुधाचा घास केला, मनूसमोर धरला आणि कामावरच्या आवाजात म्हणाले, "वाशीची टपाल. पेटी उघडा."

मनूनं आ केला.

"येरमाळा." आ. "जळकोट, एक नग." आ. कधी तिचं पोट भरलं की ती ओठ मिटून म्हणायची, "पेटी बंद." मग दादाही तिला आग्रह करत नसत. वेळ संपल्यावर कुणी टपाल आणली तर ती दुसऱ्या दिवशी घ्यायची, असा नियमच होता.

पोस्टाच्या वेळेत मनू दादांच्या टेबलाखाली असायची. लोक कार्ड घ्यायला आले की सल्ला देऊन जायचे. बापाच्या हातची आंघोळ पोरीला बाधते, असं एकानं सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, पोरीला घुटी द्या म्हणजे दिवसभर झोपेल. वाणी रेवणप्पा म्हणाले, "मास्तर, हे काम पुरुषाचं न्हवं. तुमचं नाव गेलं पार कळंबपातुर." दादांनी त्यांना दोन कार्डं मोजून दिली आणि पुढच्याला बोलावलं. त्यांचा अपमान झाला की ते फार शिस्तीत वागत.

शेजारच्या जमिलाबी मात्र सल्ला देत नसत. त्या गफारभाई पिंजाऱ्यांच्या बायको. भिंतीवरून वाटी पुढं करायच्या आणि म्हणायच्या, "मास्तर, बच्ची के वास्ते खिचडी. तुमी नका खाऊ, मिरची नाय त्यात." दादा वाटी घेत आणि दुसऱ्या दिवशी घासून परत देत. वाटी घासून देणारा पुरुष आपण हयातीत पाहिला नव्हता, असं जमिलाबी मला पुढं खूप वर्षांनीही सांगत.

असे दोन महिने गेले. पोरगी बरी होती, मी शाळेत होते, फाल्गुन लागला होता. आत्या दर महिन्याला येऊन मनूचं अंग-डोकं तपासून जायच्या आणि काही सापडलं नाही की जरा नाराज व्हायच्या.

आता सुतळीकडं येते.

मनूच्या केसांना रिबीन टिकत नसे. ती सोडायची आणि खायची. एके दिवशी दादांनी हाताशी होती ती सुतळी घेतली, थैल्या बांधायची, आणि मनूच्या माथ्यावर केसांची मोट वळून तिला गाठ मारली. थैलीला मारायची तीच गाठ. त्यांना दुसरी येत नव्हती. ती गाठ मनूला सुटेना. दादांना इतकं समाधान झालं की रोज तीच पद्धत सुरू झाली.

टपालाची थैली रोज दहाला निघायची. आमचे पोस्टमन बब्रुवान ती खांद्यावर टाकून येरमाळ्याला मोटारीवर पोचवायचे. थैलीचं तोंड सुतळीनं बांधायचं, गाठीवर लाख वितळवून टाकायची, आणि लाख मऊ आहे तोवर त्यावर पितळी शिक्का दाबायचा. हे काम दादा डोळे मिटून करत, असं बब्रुवानकाका अभिमानानं सांगायचे. ते खरं निघालं.

त्या दिवशी मला शाळेत जायला उशीर झाला होता आणि मी तिथंच पाटी पुसत उभी होते. मनू टेबलावर बसली होती आणि तिनं थैलीवर डोकं टेकलं होतं, उशीवर टेकावं तसं. बब्रुवानकाका दारातून ओरडत होते, "मास्तर, मोटार चुकतीय!" दादांनी डाव्या हातानं मनूला थोपटलं, उजव्या हातानं लाख वितळवली, समोर दिसली त्या गाठीवर टाकली आणि शिक्का दाबला.

समोर दोन गाठी होत्या. सुतळी तीच, गाठ तीच.

मनू हलली नाही. चटका बसायला ती लाख तिच्या कातडीपर्यंत पोचलीच नव्हती, एवढे केस होते. बब्रुवानकाकांनी थैली उचलली आणि पळाले. दादा शिक्का पुसत होते. मीच म्हणाले, "दादा, मनूवर शिक्का बसला."

दादांनी पाहिलं. माथ्यावर, मोटेच्या बरोबर मध्ये, तांबडीलाल रुपयाएवढी लाख, आणि तिच्यावर सुबक शिक्का. नंतर ते म्हणाले की इतका स्वच्छ ठसा थैलीवर त्यांच्या हातून कधी उठला नव्हता.

कापता येत नव्हतं, कारण ते येडाईचं होतं. तसंच ठेवता येत नव्हतं, कारण आत्या येणार होत्या. आणि आत्यांनी पाहिलं तर मी घरी बसणार होते. दादा माझ्याकडं पाहून म्हणाले, "तू शाळंत जा. घंटा होईल." मी गेले, पण त्या दिवशी मला एकही गणित आलं नाही.

जमिलाबींनी कोमट तेल लावून पाहिलं. लाख चकाकली. बब्रुवानकाकांनी रॉकेल सुचवलं, पण त्याच्या वासानं मनूनं दोन दिवस पेटी बंद ठेवली. रेवणप्पांनी गरम पाण्याचा शेक सांगितला. शेकानं लाख कडेकडेनं मऊ झाली आणि आसपासचे आणखी केस तिच्यात जाऊन पक्के झाले. मग तेलावर धूळ बसली, धुळीवर तेल. आठ दिवसांत शिक्का दिसेनासा झाला आणि मनूच्या माथ्यावर लिंबाएवढा काळा, घट्ट गोळा झाला. दादांनी त्यावर कुंची घातली आणि उन्हाळ्यात पोरीला कुंची का, असं विचारणाऱ्याला "वारं आहे" असं सांगू लागले.

आईला ते दर आठवड्याला कार्ड टाकत. त्या आठवड्यात त्यांनी लिहिलं, "सर्व क्षेम. मनूच्या डोक्याची काळजी नसावी." उलट टपालानं आईचं कार्ड आलं, "मी डोक्याचं विचारलंच नव्हतं. काय झालं?"

आणि त्याच टपालात वरच्या कचेरीचं पत्र होतं. अमुक तारखेची थैली सीलाशिवाय पोचली, खुलासा करावा. दादा खोटं लिहिणारे नव्हते आणि खरं लिहिण्याची सोय नव्हती. एक आख्खा रविवार खर्चून त्यांनी उत्तर तयार केलं. सील लावण्यात आले होते, परंतु ते थैलीऐवजी अन्यत्र लागले. यावर वरून उत्तर आलं की अन्यत्र म्हणजे कोठे, ते कळवावे. दादांनी ते पत्र लोखंडी पेटीत ठेवलं, किल्ली फिरवली आणि किल्ली खिशात टाकून वर हात ठेवून बसले.

ते बसले असतानाच मनूची कुंची पडली.

समोर गावातली एक बाई मुलाला कार्ड लिहून घ्यायला बसली होती. तिनं मनूचा माथा पाहिला, दोन्ही हात कपाळाला लावले आणि म्हणाली, "अगं बया! जट आली की गं पोरीला!"

आमच्याकडं पोरीच्या केसांत गुंता होऊन बट घट्ट झाली की ती देवीनं धाडलेली जट समजायचे. मग त्या बटेला कात्री लावायची नाही, फणी लावायची नाही. ती पोर देवीची. गावात अशी एक होती, कडूबाई. जटा मानेवरून कमरेपर्यंत आलेल्या, हातात परडी, मंगळवार-शुक्रवार दारोदार जोगवा. लग्न नाही, संसार नाही. लोक तिच्या पाया पडायचे आणि आपल्या पोरींना तिच्याशी खेळू द्यायचे नाहीत.

दादा म्हणाले, "जट न्हाई ती. लाख हाय." पण ती बाई तोवर अर्ध्या गावात पोचली होती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. सकाळी आठपासून बायका यायला लागल्या. हळद, कुंकू, खोबऱ्याच्या वाट्या. मनूला टेबलावर बसवायची गरजच पडली नाही, ती आपण होऊन चढली. तिला खोबरं फार आवडायचं. दादांनी पाटी लावली, "कामाशिवाय आत येऊ नये." तेव्हा बायका कामं घेऊन यायला लागल्या. प्रत्येकीनं एक कार्ड विकत घ्यायचं, मनूचा हात लावायचा आणि डब्यात टाकायचं. त्यातली काही कोरीच असायची. मनूचा हात लागलेलं कार्ड पोचतंच, अशी बोलवा झाली. दादांना याचा मनस्ताप झाला, कारण त्याआधीही कार्डं पोचत होती.

दादा प्रत्येकीला सांगत, "बाई, ही लाख हाय." बाई म्हणायची, "व्हय मास्तर," आणि कुंकू लावायची.

अशा गर्दीत एक दिवस इन्स्पेक्टर साहेब आले. 'अन्यत्र'ची चौकशी करायला. बारीक, चष्म्याचे, बाहेरगावचे गृहस्थ. दादांनी कोट घातला, लोखंडी पेटी उघडली, पत्रव्यवहार क्रमानं मांडला आणि म्हणाले, "साहेब, आता दाखवतोच."

साहेबांनी वर पाहिलं. टेबलावर कुंकवानं माखलेली मनू बसली होती, खोबरं चावत. साहेब उठले, बाहेर गेले, बूट काढून आत आले. कोटाच्या खिशातून त्यांनी एक लिफाफा काढला, स्वतःच्या बदलीचा अर्ज, आणि मनूपुढं धरला. मनूनं त्याला खोबऱ्याचा हात लावला.

"साहेब, ते सील..." दादा म्हणाले.

"असू द्या, असू द्या," साहेब हळू आवाजात म्हणाले आणि पाठ न दाखवता बाहेर गेले. खुलाशाची फाईल त्यांनी पुन्हा काढली नाही. दादांना मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. चौकशी अर्धवट राहिलेली त्यांना सोसत नसे. शिवाय आता खुद्द खात्याचा माणूस पाया पडून गेला, म्हटल्यावर लाखेचं कोण ऐकणार?

तीन दिवसांनी आत्या आल्या. हसल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. मनूसमोर बसल्या आणि तिच्या पायावर हात ठेवून रडायलाच लागल्या.

"माझाच नवस भोवला," म्हणाल्या. "म्या जावळ बोलले हुते, आईनं पोरच मागून घेतली."

आत्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी ठरवून आणलं होतं सगळं. चैत पुनवेला मनूचं जावळ काढायचं नाही. हातात परडी द्यायची. आणि जट खरी आहे हे मानानं सांगायला त्यांनी कडूबाईला बोलावलं होतं. कडूबाई अंगणात येऊन उभी होती. बायकांनी तिला वाट करून दिली.

दादा उठले. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो, कारण ते आधी माझ्याकडं बघत होते. माझ्या खांद्यावर दप्तर होतं.

"आक्का," ते म्हणाले, "ती लाख हाय. थैलीची. माझ्या हातून पोरीच्या डोक्यावर पडली. माझी चूक झाली. तुमची अट मला याद हाय."

"लाज वाटती का?" आत्या कडाडल्या. "देवीला लाख म्हणतोस? नोकरीच्या भ्यानं?"

"नोकरीचा काय संबंध?"

"सायेब पाया पडून गेला तुजा! त्यो काय येडा हाय?"

वरिष्ठांबद्दल दादा तसं बोलू शकत नव्हते.

कडूबाईनं परडी खाली ठेवली, मनूला मांडीवर घेतलं. मनू तिच्या जटांशी खेळायला लागली. गावातल्या एकाही पोरानं तसं केलं नसेल. कडूबाईनं मनूच्या माथ्यावरच्या गोळ्याला हात लावला, नाक लावलं, मग नखानं खरवडायला लागली. बायका हाय हाय करायला लागल्या. कडूबाई खरवडतच राहिली. वरचा मळ, हळद, कुंकू सुटत गेलं आणि खाली तांबडं दिसायला लागलं.

"ह्येच्यावर अक्षरं हायेत," ती म्हणाली.

"व्हय, मी वाचून..." दादा पुढं झाले.

"तुमी न्हाई मास्तर. तुमी काय बी वाचाल." तिनं अंगणावर नजर फिरवली. सगळ्या बायकाच होत्या. मग तिची नजर माझ्या दप्तरावर थांबली. "तुला वाचाया येतं का गं?"

"येतं."

"ये हिकडं. वाच."

मी पुढं गेले. शिक्का नव्या नागरी अक्षरांचा होता, वर्षभरापूर्वी आलेला. अक्षरं स्पष्ट होती. मी ती मनात वाचली. मोठ्यानं वाचली की दादांची चूक सगळ्यांपुढं पक्की होणार आणि दप्तर उद्यापासून खुंटीला लागणार, हे मला कळत होतं. नऊ वर्षांच्या पोरीला वाटतं त्यापेक्षा जास्त कळतं. मनू माझ्याकडं बघून हसली आणि तिनं आ केला. तिला वाटलं मी घास आणलाय.

"डाकघर," मी वाचलं. "खाली आपल्या गावाचं नाव हाय."

कडूबाईनं मनूला खाली ठेवलं.

"ही देवीची न्हाई तुळजाबाई. सरकारची हाय. देवी शिक्का मारीत न्हाई."

आत्या तिच्याकडं बघत राहिल्या. कडूबाई परडी उचलता उचलता सहज म्हणाली, भाजीचा भाव सांगावा तशी, "मी पाच वर्साची हुते. डिंक हुता का चिखल हुता, कुणास ठावं. माझ्या डोक्याला नख लावून कुणी बघितलंच न्हाई." आणि ती निघून गेली. त्या दिवशी तिनं जोगवाही घेतला नाही. जमिलाबींनी तिच्यामागं भाकरी नेऊन दिली.

बायका पांगल्या. काहींनी जाताना खोबरं परत नेलं. दादा खुर्चीत बसले होते आणि मी दप्तर खांद्यावरून काढत होते. कबूल ते कबूल. एवढ्यात मारुतीच्या देवळापुढची घंटा झाली. शाळा तिथं भरायची.

आत्यांनी पदरानं नाक पुसलं आणि माझ्यावर ओरडल्या, "बहिरी हाईस का? घंटा झाली न्हवं शाळंची? उभी काय ऱ्हायलीस?"

मी पळत सुटले. मागून आत्यांचा आवाज येत होता, "आन बलभीम, तू! सुतळीनं केस बांधतात व्हय रं कुणी? पोरगी हाय का पार्सल?"

चैत पुनवेला आम्ही सगळे येरमाळ्याला गेलो. आई चार दिवस आधी वर्ग पुरा करून आली होती. तिनं मनूचं डोकं पाहिलं, दादांकडं पाहिलं, आणि तोंडावर पदर धरून आत गेली. बराच वेळ आतून हसण्याचा आवाज येत होता. दादा बाहेर कोट घालून बसले होते.

देवळाखाली जावळं काढायला न्हावी बसले होते. आमच्या वाट्याला आले बंडप्पा म्हणून एक वयस्कर गृहस्थ. बाजूचे केस त्यांनी भराभर काढले आणि माथ्यावर आल्यावर वस्तरा थांबवला. वाकून पाहिलं.

"मास्तर, ह्यो सरकारी शिक्का हाय."

"हो."

"म्या तोडला आन उद्या कुणी इचारलं तर? सरकारी शिक्का तोडला म्हणून माणसं आत गेलीत."

आत्या म्हणाल्या, "अहो, पोरीचं डोकं हाय ते!"

पण दादांना बंडप्पांचं म्हणणं पटलं. इतक्या महिन्यांत त्यांना भेटलेला हा पहिला जबाबदार माणूस होता. त्यांनी कोटाच्या खिशातून पोस्टाचा छापील कागद काढला, गुडघ्यावर ठेवून लिहिला आणि बंडप्पांना वाचून दाखवला. "सदर सील, थैलीऐवजी अन्यत्र लागलेले, आज रोजी सुस्थितीत आढळले व माझ्या समक्ष काढण्यात आले. काढणाऱ्याकडे दोष नाही." खाली सही, आणि सहीखाली हुद्दा, टपालमास्तर. हा तो दुसरा गैरवापर.

"साक्षीदार?" बंडप्पांनी विचारलं.

"दोन लागतात," दादा म्हणाले.

आईनं सही केली. सहीखाली थोडा वेळ थांबून तिनं लिहिलं, शिक्षिका. तो शब्द ती पहिल्यांदाच लिहीत होती. मग दादांनी कागद आत्यांपुढं धरला. "आक्का, अंगठा चालतो."

आत्यांनी आपला अंगठा पाहिला, लुगड्याला पुसला, पुन्हा पाहिला. मग म्हणाल्या, "नगं. पद्मिणीची घे. तिला येतं."

तो कागद मनूकडं आहे. माझं अक्षर वाकडं आहे, गुडघ्यावर लिहिलेलं. पण सगळे आपापला हुद्दा लिहीत होते, म्हणून मीही लिहिला. पद्मिण बलभीम, इयत्ता चौथी.